गुदाशयाचे लैंगिक संसर्ग : निदान व उपचार

शौचाच्या वेळी रक्त पडू लागले की आपल्याकडे त्याचे एकच नाव ठरलेले असते : मूळव्याध. जळजळ होत असेल तर 'उष्णता', आव पडत असेल तर 'बाहेरचे खाणे' आणि हाताला गाठ लागली तर पुन्हा मूळव्याधच. हे नाव रुग्ण स्वतःच ठरवून येतो, औषधविक्रेता ते मान्य करतो आणि कित्येकदा डॉक्टरही रुग्णाला पडद्याआड न तपासता तेच नाव चिठ्ठीवर लिहून मोकळे होतात. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर निघतो, कारण मूळव्याध व गुदद्वाराची चीर हे विकार खरोखरच सर्वत्र आढळतात. परंतु ज्या रुग्णांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांना त्या चुकीची फार मोठी किंमत मोजावी लागते. त्यांपैकी काहींना आतड्याचा कर्करोग असतो, काहींना क्षय असतो आणि काहींना लैंगिक संबंधातून झालेला गुदाशयाचा संसर्ग असतो. प्रस्तुत पाठात या शेवटच्या गटाचा विचार करावयाचा आहे. हे रोग ओळखले गेले तर त्यांपैकी बहुतेक थोड्या औषधांनी पूर्ण बरे होतात. ते ओळखले जात नाहीत याचे मुख्य कारण विज्ञानाची उणीव हे नसून संकोच हे आहे.

एक उदाहरण

समजा, मालमोटार चालविणारा तीस वर्षांचा एक विवाहित तरुण आहे. तीन आठवड्यांपासून त्याला शौचास जाण्याची भावना वारंवार होते, परंतु कुंथूनही रक्तमिश्रित आव व पू यांखेरीज काही पडत नाही. आतल्या कपड्याला डाग लागतात. बसले की दुखते. गावात पाटी पाहून त्याने मूळव्याधीचे मलम घेतले, नंतर जुलाबाच्या गोळ्या घेतल्या, पुढे कोणा मित्राच्या सांगण्यावरून तीन दिवस प्रतिजैविकही घेतले. थोडे बरे वाटले आणि पुन्हा दुखणे उलटले. त्याला कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही, की प्रवासात त्याचे दुसऱ्या एका पुरुषाशी संबंध आले होते. अशा रुग्णाचे निदान कसे करावे, हे समजण्यासाठी प्रथम शरीराची रचना पाहावी लागेल.

रचना आणि रोगाचे स्थान

मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांबीचा भाग म्हणजे गुदाशय. त्याच्या खाली सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची गुदनलिका असते व ती गुदद्वाराशी संपते. गुदनलिकेच्या मध्यावर दातेरी कडेसारखी एक रेषा असते. या रेषेच्या खालचा भाग त्वचेसारखा असून तेथे वेदना तीव्रतेने जाणवते. रेषेच्या वरचे अस्तर मऊ व ओलसर असते. तेथे वेदनेची जाणीव अत्यंत मंद असते.

एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुष्कळ कोडी सुटतात. परमा आणि क्लॅमिडिया यांचे जंतू रेषेच्या वरील मऊ अस्तरात वाढतात. म्हणून गुदाशयातील हे संसर्ग बहुतांशी मुके असतात. रुग्णाला काहीच त्रास होत नाही, तरी तो दुसऱ्यास रोग देऊ शकतो. याउलट हर्पिसचे फोड रेषेच्या खाली आले की रुग्ण वेदनेने कळवळतो.

वैद्यकशास्त्रात या संसर्गांचे स्थानानुसार तीन प्रकार मानतात. पहिला गुदाशयदाह : यात फक्त गुदाशयाला सूज येते; वेदना, कुंथणे व स्राव ही त्याची लक्षणे. दुसरा गुदाशय व त्यावरील मोठे आतडे या दोहोंचा दाह : यात वरील लक्षणांच्या जोडीला जुलाब व पोटात मुरडा असतो आणि सूज १२ सेंटिमीटरच्या वर गेलेली असते. तिसरा लहान आतड्याचा दाह : यात जुलाब व मुरडा असतो, परंतु गुदाशय निरोगी असतो. कोणता प्रकार आहे हे ठरले की संशयित जंतूंची यादी आपोआप लहान होते.

संसर्ग कसा होतो

गुदाशयदाह घडविणारे जंतू मुख्यतः गुदमैथुनातून शिरतात. हा संबंध पुरुषा-पुरुषांत असतो तसा स्त्री-पुरुषांतही असतो. शिवाय स्त्रियांमध्ये योनिमार्गातील संसर्गित स्राव गुदद्वाराकडे ओघळूनही जंतू तेथे पोहोचू शकतात. म्हणून 'हा रोग अमुक प्रकारच्या माणसांचा' असे समजणे शास्त्रास धरून नाही. जुलाब घडविणारे शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, अमीबा व जिआर्डिया हे जंतू विष्ठेचा सूक्ष्म अंश तोंडात गेल्याने पसरतात; मुख आणि गुदद्वार यांचा संपर्क येणाऱ्या लैंगिक क्रियेतही ते पसरू शकतात. आपल्या देशात मात्र अमीबाची बाधा प्रामुख्याने दूषित पाणी व अन्न यांतूनच होते. तेव्हा आव पडणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहणे हेही तितकेच चूक होय. शौचकूपाच्या बैठकीवर बसल्याने परमा किंवा उपदंश होतो ही समजूत निराधार आहे.

जंतू आणि त्यांच्या खुणा

परमा : संसर्गानंतर काही दिवसांत पुवाळलेला स्राव, खाज व कुंथणे सुरू होते, परंतु वर सांगितल्याप्रमाणे पुष्कळांना काहीच जाणवत नाही.

क्लॅमिडिया : सामान्य जातीचा संसर्ग सौम्य किंवा मुका असतो. परंतु या जंतूच्या एल-१, एल-२ व एल-३ या जाती ऊतींत खोलवर शिरतात. त्यांपासून होणाऱ्या रोगास लिम्फोग्रॅन्युलोमा व्हेनेरियम म्हणतात. जांघेत जी 'बद' येते तिचे हे एक कारण म्हणून जुन्या डॉक्टरांना हा रोग परिचित आहे. तोच जंतू गुदाशयात शिरला तर जांघेत गाठ येईलच असे नाही. रक्तमिश्रित पू, व्रण, ताप, बद्धकोष्ठ व तीव्र कुंथणे ही लक्षणे दिसतात. उपचाराविना राहिल्यास काही वर्षांत गुदाशय आकुंचित होतो आणि भगंदर होते.

उपदंश अथवा गरमी : संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी तीन आठवड्यांनी, एक व्रण उठतो. अन्यत्र तो दुखत नाही. गुदद्वारावर मात्र तो दुखू शकतो आणि मग त्याला चीर समजले जाते. हा व्रण काही आठवड्यांत आपोआप भरतो, त्यामुळे रुग्ण निश्चिंत होतो. रोग मात्र रक्तात पसरलेला असतो. दुसऱ्या अवस्थेत गुदद्वाराभोवती ओलसर, चपट्या गाठी येतात. त्या चामखीळ किंवा मूळव्याध समजून कापल्या जाण्याचा संभव असतो.

हर्पिस : विषाणूमुळे गुदद्वाराभोवती बारीक फोड व उथळ व्रण येतात. वेदना इतकी तीव्र असते की रुग्ण शौचास जाणे टाळतो. कधी लघवी अडते, तर कधी कुल्ले व मांड्या यांना मुंग्या येतात.

एमपॉक्स : २०२२ मध्ये अनेक देशांत पसरलेल्या साथीत काही रुग्णांचे मुख्य दुखणे गुदाशयातील असह्य वेदना हेच होते. भारतातील पहिला रुग्ण १४ जुलै २०२२ रोजी केरळात आढळला. अंगावर पुरळ, ताप व गुदाशयवेदना एकत्र दिसल्यास या रोगाचा विचार करावा.

याखेरीज मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे गुदद्वाराभोवती चामखिळी येतात; याच विषाणूच्या काही जाती कालांतराने तेथील कर्करोगास कारण होतात.

रॉटरडॅमचा धडा

ओळखीचा रोग अनोळखी जागी दिसला की जाणते डॉक्टरही कसे फसतात, याचे बोधप्रद उदाहरण नेदरलँड्समधील रॉटरडॅम शहरात घडले. लिम्फोग्रॅन्युलोमा व्हेनेरियम हा रोग १९१३ मध्ये द्युराँ, निकोला व फाव्र या फ्रेंच डॉक्टरांनी वर्णिला होता. पुढे तो उष्ण प्रदेशातील रोग मानला गेला. नेदरलँड्समध्ये वर्षाला त्याचे पाचसुद्धा रुग्ण आढळत नसत. साहजिकच तेथील डॉक्टरांच्या मनातून तो पुसला गेला होता.

२००३ मध्ये रॉटरडॅममध्ये काही पुरुष रक्त, पू व कुंथणे या तक्रारी घेऊन आले. त्यांपैकी बहुतेकांच्या जांघेत बद नव्हती. आतड्याच्या अस्तराचे रूप पाहता शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतून होणारा आतड्याचा जुनाट दाह असावा, असे वाटण्याजोगी स्थिती होती. त्या दाहाचे औषध निराळे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. संसर्ग असताना ती दिली तर रोगाला मोकळे रान मिळते. परंतु रुग्णांच्या लैंगिक संबंधांची माहिती घेतली गेली, गुदाशयातील स्राव तपासला गेला आणि खरा जंतू सापडला. मग शोध घेताच सप्टेंबर २००४ पर्यंत त्या देशात ९२ रुग्णांचे निदान पक्के झाले. पुढे युरोपातील इतर देशांत व अमेरिकेतही असेच रुग्ण आढळले.

विशेष म्हणजे ही सूचना वीस वर्षांपूर्वीच मिळालेली होती. १९८१ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथील संशोधकांनी दाखवून दिले होते, की या जंतूमुळे गुदाशयात होणारे बदल सूक्ष्मदर्शकाखाली क्रोन या आतड्याच्या जुनाट विकारासारखेच दिसतात. ज्ञान ग्रंथात होते. रुग्णासमोर ते आठवले नाही. यातून घ्यावयाचा बोध असा, की केवळ रूप पाहून निदान करू नये. प्रश्न विचारावा व स्राव तपासावा.

निदानाच्या पायऱ्या

पहिली पायरी : विचारपूस. ती एकांतात व्हावी. सोबत आलेले वडीलधारे, पत्नी अथवा मित्र यांना नम्रपणे बाहेर बसविण्यात यावे. प्रश्न सरळ आणि निर्विकार असावेत : 'गेल्या काही महिन्यांत कोणाशी लैंगिक संबंध आले? स्त्रीशी, पुरुषाशी की दोघांशी? मागील मार्गाने संबंध आले का? निरोध वापरला होता का?' हे प्रश्न सर्वांनाच विचारले जातात असे आरंभी सांगितल्यास रुग्णाचा संकोच कमी होतो. उपदेश करू नये. उपदेश ऐकलेला रुग्ण पुढचे खरे सांगत नाही आणि बहुधा परतही येत नाही.

येथे कायद्याची स्थिती ठाऊक असणे आवश्यक आहे. प्रौढ व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या खाजगी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्या मर्यादेपुरती घटनाबाह्य ठरविली. त्यामुळे खरे सांगितल्यास आपण कायद्याच्या कचाट्यात सापडू, ही रुग्णाची भीती आता निराधार आहे. त्याचप्रमाणे २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण अधिनियमानुसार, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला, रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीविना एचआयव्हीची चाचणी करता येत नाही व त्याची स्थिती उघड करता येत नाही.

दुसरी पायरी : बाह्य तपासणी. चांगल्या उजेडात गुदद्वाराभोवतीची त्वचा, जांघा, जननेंद्रिये व तोंड पाहावे. व्रण, फोड, चपट्या गाठी अथवा चामखिळी आहेत का हे नोंदवावे. तळहात व तळपाय यांवरील पुरळ विसरू नये. ती उपदंशाची खूण असू शकते.

तिसरी पायरी : अंतर्तपासणी. बोटाने तपासून मग प्रॉक्टोस्कोप ही लहान नळी वापरावी. वेदना फार असल्यास बधिर करणारे मलम लावून थोडे थांबावे. अस्तर लाल व सुजलेले आहे का, पू आहे का, स्पर्श करताच रक्त येते का, व्रण आहेत का, हे पाहण्यास काही मिनिटे पुरतात. हे साधन स्वस्त असून प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते.

चौथी पायरी : स्रावाची तपासणी. कापसाच्या काडीने स्राव घेऊन काचपट्टीवर पसरावा व ग्रॅमच्या पद्धतीने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पांढऱ्या पेशी पुष्कळ दिसल्यास दाह आहे हे ठरते. पेशींच्या आत जोडीजोडीने असलेले जंतू दिसल्यास परम्याचा संशय बळावतो. परंतु ते न दिसल्याने परमा नाही असे मात्र म्हणता येत नाही. परमा व क्लॅमिडिया यांच्यासाठी आज सर्वांत विश्वसनीय चाचणी म्हणजे जंतूंच्या जनुकद्रव्याचा शोध घेणारी चाचणी. ती गुदाशयातूनच घेतलेल्या नमुन्यावर करावी. केवळ लघवी तपासली तर गुदाशयातील संसर्ग निसटतो. हर्पिससाठी व्रणातील द्रवाची याच जातीची चाचणी करतात.

पाचवी पायरी : रक्त व विष्ठा. उपदंशासाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, तसेच संमतीने एचआयव्ही आणि यकृतदाह-ब यांच्या चाचण्या सर्वांच्याच कराव्यात. संसर्ग अगदी नवा असल्यास चाचणी निर्दोष दिसू शकते. म्हणून ती काही आठवड्यांनी पुन्हा करावी. जुलाब असतील तर विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करावी व शक्य तेथे जंतूंची वाढ करून पाहावी.

हे सर्व करूनही कारण न सापडल्यास, उपचाराने गुण न आल्यास, वजन घटत असल्यास अथवा रुग्णाचे वय चाळिशीपुढे असून रक्त पडत असल्यास त्यास जिल्हा रुग्णालयात अथवा वैद्यकीय महाविद्यालयात दुर्बिणीने आतडे तपासण्यासाठी पाठविण्यात यावे. कर्करोग व आतड्याचा क्षय यांना उशीर मानवत नाही.

उपचार

अहवाल येईपर्यंत थांबणे नेहमीच शक्य किंवा इष्ट नसते. वेदना, स्राव व दाह स्पष्ट असून संबंधाचा इतिहास असेल तर परमा व क्लॅमिडिया या दोहोंवर एकाच वेळी उपचार सुरू करतात. अमेरिकेतील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेफ्ट्रायाक्झोन ५०० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन स्नायूत द्यावयाचे व त्यासोबत डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा सात दिवस. काही देशांत इंजेक्शनची मात्रा १ ग्रॅम ठेवली आहे. रक्तमिश्रित स्राव, व्रण किंवा तीव्र कुंथणे असून लिम्फोग्रॅन्युलोमा व्हेनेरियमचा संशय असेल तर डॉक्सिसायक्लिन सात नव्हे, तर एकवीस दिवस द्यावे. उदाहरणातील चालकाला याच दीर्घ उपचाराची गरज होती. मित्राच्या सल्ल्याने घेतलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रोग बरा झाला नाही, केवळ झाकला गेला.

आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात रंगांवरून ओळखले जाणारे औषधसंच प्रचारात आले. त्यांतील करड्या संचात ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम व सेफिक्सिम ४०० मिलिग्रॅम ही औषधे एकदाच घ्यावयाची असत. जेथे प्रयोगशाळा नाही तेथे अशा संचांनी मोठे काम केले. तथापि, ऑस्ट्रेलियातील २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुदाशयातील क्लॅमिडियावर डॉक्सिसायक्लिनने सुमारे ९७ टक्के रुग्ण जंतुमुक्त झाले, तर ॲझिथ्रोमायसिनच्या एका मात्रेने सुमारे ७६ टक्के. म्हणून गुदाशयाच्या बाबतीत डॉक्सिसायक्लिनलाच प्राधान्य द्यावे. गरोदर स्त्रीस मात्र ते देऊ नये. तिच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन योग्य होय. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे व घेतल्यावर लगेच आडवे होऊ नये.

उपदंशाच्या सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथीन पेनिसिलीन २४ लाख युनिटांचे एकवार इंजेक्शन पुरते. रोग जुना असल्यास तेच आठवड्याच्या अंतराने तीन वेळा देतात. इंजेक्शननंतर पहिल्या दिवशी ताप व अंगदुखी होऊ शकते. ती मरणाऱ्या जंतूंमुळे उठणारी प्रतिक्रिया असते, हे रुग्णास आधीच सांगावे. हर्पिसच्या पहिल्या आजारात ॲसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा सात ते दहा दिवस देतात. याने विषाणू शरीरातून नाहीसा होत नाही, परंतु आजार आटोक्यात येतो.

अमीबाच्या बाधेत मेट्रोनिडाझोलनंतर आतड्याच्या पोकळीतील अमीबा नष्ट करणारे डायलोक्झानाइड फ्युरोएट हे औषध देणे विसरू नये. अन्यथा रोग पुन्हा उलटतो. शिगेलाचे जंतू अनेक प्रतिजैविकांना दाद देईनासे झाले आहेत. म्हणून सौम्य आजारात क्षार-साखरेचे पाणी देऊन शरीर सावरू द्यावे व तीव्र आजारात चाचणी करूनच औषध निवडावे.

वरील मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यांच्या माहितीसाठी दिल्या आहेत. रुग्णाने त्या वाचून दुकानातून स्वतः औषधे आणू नयेत. ॲलर्जी, गरोदरपण व अन्य विकार यांचा विचार डॉक्टरांनीच करावयाचा असतो.

जोडीदार व पुनर्तपासणी

एका रुग्णास बरे करून जोडीदारास तसेच सोडणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणे होय. लक्षणे सुरू होण्यापूर्वीच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आले, त्या सर्वांची तपासणी व उपचार व्हावयास हवेत. पत्नीलाही उपचार मिळावेत. परंतु तिला काय व कसे सांगावयाचे याचा निर्णय रुग्णाशी बोलून, त्याच्या संमतीने व्हावा. उपचार पूर्ण होऊन सात दिवस लोटेपर्यंत आणि लक्षणे जाईपर्यंत संबंध टाळावेत. परमा व क्लॅमिडियाच्या रुग्णाने तीन महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे, कारण पुन्हा संसर्ग होण्याचे प्रमाण मोठे आहे. उपदंशात सहा व बारा महिन्यांनी रक्त तपासून गुण पडल्याची खात्री करावी. गुदाशयाला सूज असताना एचआयव्हीचा शिरकाव सुलभ होतो. म्हणून या भेटीतच निरोधाचा योग्य वापर, यकृतदाह-ब व पॅपिलोमा विषाणूंविरुद्धच्या लसी आणि एचआयव्ही प्रतिबंधाची औषधे यांविषयी माहिती देण्यात यावी.

रुग्ण मूल असल्यास

लहान मुलाच्या गुदद्वाराशी परमा, उपदंश यांसारखा रोग आढळल्यास लैंगिक अत्याचाराची शक्यता सर्वप्रथम ध्यानात घेतली पाहिजे. बालकाला शौचास जाण्याची भीती वाटणे, चड्डीला रक्त वा पू लागणे, बसताना कळवळणे, एकाएकी वर्गात गप्प होणे, या गोष्टी प्रथम शिक्षकांच्याच नजरेस येतात. त्यांचा अर्थ दर वेळी अत्याचार असाच होतो असे नाही. बद्धकोष्ठ व जंत यांमुळेही असा त्रास होतो. परंतु संशय सबळ असता गप्प राहणे हा गुन्हा आहे. २०१२ च्या बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियमानुसार अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना अथवा विशेष बाल पोलिस पथकाला कळविणे बंधनकारक आहे. मुलाला दरडावून प्रश्न विचारू नयेत, त्याला दोष देऊ नये आणि 'घराण्याची अब्रू' या नावाखाली प्रकरण मिटवू नये. पीडित मुलगी असल्यास तिची तपासणी स्त्री-डॉक्टरांनीच करावयाची असते. १०९८ या क्रमांकावर बालकांसाठी साहाय्य मिळते.

अधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ

आरोग्य केंद्रात औषधांचा साठा असूनही रुग्ण येत नसेल, तर प्रथम तपासणीच्या खोलीला पडदा व दाराला कडी आहे का, हे अधिकाऱ्यांनी पाहावे. नोंदवही उघड्यावर पडलेली असू नये. रुग्णाचे नाव व रोग बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा रीतीने पुकारू नये. एका कर्मचाऱ्याच्या तोंडून गेलेल्या एका शब्दाने पंचक्रोशीतील रुग्ण कायमचे दुरावतात. जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये यांच्याशी संलग्न 'सुरक्षा क्लिनिक' या नावाच्या केंद्रांत या रोगांची तपासणी व उपचार होतात. तेथील माहिती प्रत्येक उपकेंद्रात लावलेली असावी. १०९७ या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करून नाव न सांगताही सल्ला घेता येतो.

शिक्षकांनी आरोग्याच्या तासाला शरीराच्या या भागाचे नाव हसण्यावारी न नेता साध्या शब्दांत घ्यावे. ज्याला आपल्या शरीराच्या भागाचे नाव उच्चारता येते, त्याला त्या भागाचे दुखणेही सांगता येते.

ग्रामस्थांनी ध्यानात ठेवावयाचे ते थोडक्यात असे : शौचातून रक्त, पू वा आव पडणे, वारंवार कुंथणे, गुदद्वाराशी व्रण वा गाठ येणे, यांपैकी कोणतेही लक्षण एका आठवड्यापेक्षा अधिक टिकल्यास स्वतः नाव न ठरविता डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावे. रस्त्यावरील पाट्यांवर विसंबून तेथे डागणी वा इंजेक्शने घेऊ नयेत. डॉक्टरांनी विचारल्यास खरे सांगावे. न विचारल्यास स्वतः सांगावे. सुरू केलेले औषध शेवटच्या गोळीपर्यंत घ्यावे व जोडीदारालाही सोबत न्यावे.

उदाहरणातील चालकाला अखेर हवे होते ते इतकेच : एक बंद दार, एक सरळ प्रश्न, काही मिनिटांची तपासणी आणि एकवीस दिवसांची साधी गोळी. यांपैकी कोणतीही गोष्ट आपल्या आरोग्य केंद्रांच्या आवाक्याबाहेरची नाही. या गोष्टी वेळेवर मिळाल्या तर तो बरा होतो, त्याची पत्नी सुरक्षित राहते आणि काही वर्षांनी भगंदर म्हणून होऊ शकणारी शस्त्रक्रिया टळते.